दूरसंचार मार्गाची कालजुळणी आणि चॅनेल-व्यवस्था : प्रस्तावना

सन १९०६ हे वर्ष खानदेशच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदण्याजोगे आहे. त्या वर्षी जुन्या अफाट खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेशाचा कारभार जळगावाहून आणि पश्चिम खानदेशाचा धुळ्याहून चालू लागला. आणि त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेपासून हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ धरावी हा सरकारी हुकूम अमलात आला. तोपावेतो आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत, मुंबई शहर आपली स्वतंत्र वेळ सांभाळून असे (आणि तिने ती १९५५ पर्यंत हट्टाने सांभाळली), आणि खेड्यापाड्यांतून सूर्य माथ्यावर आला म्हणजे दोनप्रहर झाले असे मानून कामे चालत. सूर्याच्या हिशेबाने पाहू गेल्यास धुळ्याची माध्यान्ह जळगावच्या मागून सुमारे तीन मिनिटांनी होते, आणि ही दोन्ही शहरे प्रमाणवेळेच्या सुमारे अर्धा तास मागे आहेत. माणसाच्या व्यवहाराला एवढा फरक सहज सोसतो. कचेरी साडेदहाला उघडली काय आणि सूर्याच्या मते ती दहालाच उघडली काय, अर्जदाराच्या अर्जात त्याने काही उणेअधिक होत नाही. परंतु ह्याच दोन शहरांच्या दरम्यान जो डिजिटल दूरसंचार मार्ग आज चालतो, त्याच्या दोन टोकांवरील घड्याळांत सेकंदामागे एका दशलक्षांशाचा फरक पडला, तरी तो साचत साचत दोन मिनिटांच्या आत-बाहेर संभाषणाचा एक तुकडा गिळून टाकतो. हा तुकडा कसा गिळला जातो, तो गिळला जाऊ नये म्हणून यंत्रावर कोणत्या नोंदी कोणत्या विचाराने कराव्या, आणि एका तारेवरून तीस माणसांची बोलणी एकमेकांत न मिसळता कशी न्यावी, एवढाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

विषय लहान दिसतो खरा. परंतु जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत टेलिफोन एक्स्चेंज, बँका, रेल्वे, वीज कंपन्या आणि कारखाने यांच्या यंत्रांपुढे उभे राहणाऱ्या किती तरुणांचा दिवस ह्याच विषयात जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तो लहान वाटणार नाही. ह्या मंडळींच्या हाताला कसब आहे. जोडणी कशी करावी, लूप देऊन दोष कोणत्या बाजूस आहे हे कसे ठरवावे, डी.डी.एफ.वर, म्हणजे मार्गांच्या जोडण्या एकत्र आणणाऱ्या चौकटीवर, कोणता टॅग कोठे आहे, हे त्यांना अंधारातही कळते. परंतु यंत्राच्या पडद्यावर जेव्हा 'क्लॉक सोर्स' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे तीन पर्याय उभे राहतात, तेव्हा त्यांतील एक का निवडावा आणि बाकीचे दोन का सोडावे, याचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते. शेजारच्या कार्डावर जे आहे ते बरहुकूम उतरवून घेणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे राहतो. जे कारण समजून केले जाते ते परिस्थिती बदलली तरी निभावते, आणि जे नकलून केले जाते ते पहिल्याच फेरफाराला कोसळते, अशी माझी खात्री आहे; आणि ह्या प्रस्तावनेचा सारा भर त्या कारणांवर आहे.

थोडे मागे जाऊन पाहणे आवश्यक आहे. रावेर, सावदा, फैजपूर ह्या केळीच्या मुलखातून दिल्लीच्या बाजाराची चौकशी करावयाची, किंवा जळगावच्या सराफ पेठेतून मुंबईचा भाव विचारावयाचा, म्हणजे एके काळी ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या प्रती होत्या, आणि घाई जितकी मोठी तितका आकारही मोठा. ग्राहकाने स्वतः डायल फिरवून दुसऱ्या शहराशी बोलावे ही सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान झाली, आणि पुढील काही दशकांत ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. खेड्यांपर्यंत डिजिटल एक्स्चेंज नेण्याचे श्रेय मात्र ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेला द्यावयास हवे. तिने तयार केलेले १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे प्रथम बसले, आणि वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हात ते चालावे ही त्याच्या रचनेमागची मूळ प्रतिज्ञा होती. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढणाऱ्या तापीकाठच्या आमच्या प्रदेशाला ह्या प्रतिज्ञेचे मोल विशेष वाटावे हे स्वाभाविक आहे. ही लहान एक्स्चेंजे एकटी उभी राहू शकत नाहीत. त्यांना तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या मोठ्या एक्स्चेंजशी जोडणारा मार्ग लागतो, आणि तो मार्ग म्हणजेच तंत्रज्ञांच्या रोजच्या बोलण्यातील 'टू एमबी', पुस्तकी नाव ई-वन.

ह्या मार्गाची घटना समजून घेण्यास गणिताचे फारसे भांडवल लागत नाही. मनुष्याच्या बोलण्यातील जो भाग दूरध्वनीवरून नेला जातो तो सेकंदाला ३,४०० कंपनांच्या आतला असतो. ४,००० ही मर्यादा धरून तिच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची पातळी मोजली, तर त्या मोजमापांवरून मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो. प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहिले, की एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिटे लागतात. आवाजाची अशी मोजदाद करून आकडेच तारेवर पाठवावे ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला पॅरिसमध्ये काम करीत असता १९३७ साली सुचली. परंतु ती प्रत्यक्षात स्वस्तात उतरवण्याजोगी साधने तेव्हा नव्हती, आणि ट्रान्झिस्टर निघाल्यानंतर १९६२ साली अमेरिकेतील बेल कंपनीने चोवीस संभाषणांचा पहिला असा मार्ग व्यवहारात आणला. युरोपने तीस संभाषणांची रचना पत्करली आणि भारतानेही तीच घेतली. आपल्या यंत्रांवर अमेरिकी वळणाचे पर्याय जेव्हा दिसतात तेव्हा ते दुसऱ्या घराण्याचे आहेत एवढे ओळखून ते तसेच राहू द्यावे.

दोन मोजमापांमधील अवकाश १२५ मायक्रोसेकंदांचा. ह्या अवकाशाचे बत्तीस सारखे भाग पाडून प्रत्येक भागात एकेकाची आठ बिटे घालावयाची. बत्तीस आठे २५६ बिटांची एक फ्रेम झाली, आणि सेकंदाला अशा ८,००० फ्रेमा म्हणजे २०,४८,००० बिटे. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही : पाट एकच, पाणीही तेच, परंतु पाळी ज्याची त्याची; पाटकऱ्याने ज्या क्षणी ज्याचे बारे उघडावयाचे त्याच क्षणी उघडले तर प्रत्येकाच्या वावरात त्याचे त्याचे पाणी जाते, आणि तो क्षण चुकला तर पाणी वाहतेच, पण शेजाऱ्याच्या शेतात. डिजिटल मार्गावर बिटांच्या अंगावर मालकाचे नाव लिहिलेले नसते. अमुक बिट अमुक माणसाचे, हे केवळ ते कोणत्या क्षणी आले यावरूनच ठरते. चॅनेल-व्यवस्था आणि कालजुळणी ही दोन प्रकरणे पुस्तकात वेगळी केली असली तरी विषय एकच आहे, तो ह्या कारणाने.

आता बत्तीस भागांपैकी संभाषणे तीसच का, हे पाहू. शून्य क्रमांकाचा भाग, म्हणजे स्लॉट, फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी राखलेला असतो. एकाआड एक फ्रेमेत तेथे ००११०११ ही ठरलेली खूण येते, आणि समोरचे यंत्र अखंड वाहणाऱ्या बिटांच्या प्रवाहात हीच खूण शोधून गणतीला आरंभ करते. सोळाव्या स्लॉटमध्ये परंपरेने सिग्नलिंग असते, म्हणजे कोणी फोन उचलला, कोणी ठेवला, ह्याच्या वर्दी. सोळा फ्रेमांचा एक गट धरून, पहिली फ्रेम गटाच्या खुणेसाठी सोडून, उरलेल्या पंधरांपैकी प्रत्येकीत दोन-दोन चॅनेलांच्या, म्हणजे संभाषणांच्या, चार-चार बिटांच्या वर्दी दिल्या की तीसही चॅनेलांचा हिशेब दोन मिलिसेकंदांत पुरा होतो. ही रचना किती काटेकोर आणि किती सुंदर आहे हे कागदावर एकदा स्वतःच्या हाताने आखून पाहिल्यावाचून कळत नाही. वाचकाने ते अवश्य करावे. जेथे सिग्नलिंग दुसऱ्या मार्गाने जाते तेथे सोळावा स्लॉटही बोलण्यासाठी मोकळा होतो आणि चॅनेल एकतीस होतात. आणि कार्यालयांना दिल्या जाणाऱ्या पी.आर.आय. जोडणीत तोच स्लॉट 'डी चॅनेल' म्हणून सिग्नलिंगचेच काम करतो.

येथेच तो घोटाळा उद्भवतो ज्यापायी कित्येक दुपारी फुकट गेलेल्या आहेत. चॅनेलांची गणती आणि स्लॉटांची गणती पंधरापर्यंत हातात हात घालून चालते; सोळावा स्लॉट सिग्नलिंगला गेल्यामुळे सोळावे चॅनेल सतराव्या स्लॉटमध्ये बसते, आणि तेथून तिसाव्या चॅनेलापर्यंत, म्हणजे एकतिसाव्या स्लॉटपर्यंत, दोन्ही गणतींत एकाचे अंतर कायम राहते. आता समजा, जळगावच्या टोकाला बसलेल्या इसमाने एका बँकेच्या शाखेसाठी 'वीस ते तेवीस' असे चार राखले आणि चोपड्याच्या टोकाला फोन करून तेच आकडे सांगितले; जळगावच्या यंत्राचा पडदा स्लॉट मोजतो आणि चोपड्याच्या यंत्राचा चॅनेल मोजतो. दोघांनीही ऐकले बरोबर, लिहिले बरोबर, तरी मार्ग जुळत नाही. तीन स्लॉट दोन्हीकडे राखलेले आढळतात पण त्यांचा अनुक्रम सरकलेला असतो, एक स्लॉट प्रत्येक टोकाला निराधार राहतो, आणि रॅकवर मात्र एकही लाल दिवा लागत नाही; कारण फ्रेम शाबूत आहे, खूण सापडते आहे, मार्ग यंत्राच्या दृष्टीने निरोगी आहे. यास्तव ह्या पुस्तिकेत सर्वत्र स्लॉटांचीच गणती वापरली आहे, आणि दोन्ही टोकांनी आपापल्या नोंदवहीत स्लॉटच लिहावे व नंतर फोनवर एकेक आकडा वाचून रुजुवात घ्यावी असा आग्रह धरला आहे. जळगावला ०२५७ आणि पुढे सात आकडे, धुळ्याला ०२५६२ आणि पुढे सहा आकडे फिरवणाऱ्या ग्राहकाला आपल्याला तिसांपैकी कोणती जागा मिळाली हे कधीही कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य. परंतु ते कळण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याला मात्र ते निःसंदिग्धपणे कळले पाहिजे.

चॅनेलांचा दोष पहिल्याच दिवशी उघडकीस येतो. कालजुळणीचा दोष तसा नाही, आणि म्हणून पुस्तिकेतील अर्ध्याहून अधिक पाने त्याला दिली आहेत.

प्रत्येक यंत्रात एक स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांवर यंत्राची गती चालते. ई-वन मार्गाच्या प्रमाणानुसार ही गती ठरलेल्या आकड्यापासून दशलक्षामागे पन्नासापर्यंत इकडेतिकडे असली तरी यंत्राने ती स्वीकारावी असे आहे. म्हणजे सेकंदाला १०२ बिटे पुढे किंवा मागे. आता दोन टोकांवरील दोन यंत्रे आपापल्या स्फटिकावर स्वतंत्र चालू दिली, आणि एक दशलक्षामागे पन्नासाने वेगवान व दुसरे तितक्यानेच मंद निघाले, तर पाठवणारे यंत्र सेकंदाला सुमारे २०५ बिटे जास्त लोटते. घेणाऱ्या यंत्रात थोडा साठा करण्याची जागा असते. ती भरून वाहू लागली की यंत्र एक संपूर्ण फ्रेम, म्हणजे २५६ बिटे, टाकून देते आणि पुन्हा साठा सुरू करते. हिशेब केला तर दर सव्वा सेकंदाला एक फ्रेम गेली. उलट बाजूस साठा रिता पडतो, आणि यंत्र जुनीच फ्रेम पुन्हा वाचून वेळ निभावते. ह्या दोन्ही प्रकारांना व्यवहारात स्लिप म्हणतात. स्फटिक चांगले असून फरक दशलक्षामागे एकाचाच असला, तर स्लिप दर १२५ सेकंदांनी होते.

आणि स्फटिकाची गती स्थिर नसते. ती उष्णतेबरोबर बदलते. वैशाखात भर दुपारी पत्र्याच्या छपराखालच्या केबिनमध्ये जे यंत्र तापलेले असते आणि पौषातल्या पहाटे जे गारठलेले असते, त्यांची चाल सारखी राहत नाही. त्यामुळे खानदेशात स्वतंत्र सोडलेल्या मार्गावर स्लिपांचे अंतर ऋतूपरत्वे, किंबहुना प्रहरपरत्वे बदलते, आणि दुपारी दोनला आलेली तक्रार सकाळी तपासणीस गेलेल्या इसमाला सापडत नाही. 'तपासले, दोष नाही' असा शेरा वहीत पडतो. मार्ग निर्दोष ठरतो, आणि दोषाचे खापर मोडेमवर, फॅक्सवर, शाखेतल्या संगणकावर, क्वचित तेथल्या बिचाऱ्या कारकुनावरही फुटते.

कारण असे, की स्लिप बोलणाऱ्याला जवळजवळ जाणवत नाही. एका फ्रेमेत एका संभाषणाचे एकच मोजमाप असते. ते गेले तर कानाला फार तर बारीकशी टिकटिक ऐकू येते, पुष्कळदा तीही नाही. म्हणून केवळ टेलिफोन चालत होते तोवर ह्या दोषाकडे दुर्लक्ष झाले तरी निभावले. फॅक्सवर तोच दोष ओळी खातो किंवा पान तिरपे करतो. मोडेम क्षणभर भांबावून पुन्हा हस्तांदोलन करू लागतो. बँकेच्या ६४ हजार बिटांच्या लीज लाइनवर आकड्यांचा एक तुकडा नासतो आणि तो पुन्हा मागवावा लागतो. आणि मजकूर सांकेतिक करून पाठवला जात असेल तर दोन्ही टोकांची लय तुटून सारेच अवाच्य होते. येथे एक खूण मनात धरून ठेवण्याजोगी आहे. वाऱ्यापावसाने, गंजलेल्या सांध्याने, अर्धवट तुटलेल्या पेअरने होणारा बिघाड अनियमित असतो; घड्याळांच्या बेबनावाने होणारा बिघाड त्या त्या वेळेपुरता ठरावीक अंतराने येतो. ज्या लाइनवर दोन मिनिटे पाच सेकंदांनी, पुन्हा दोन मिनिटे पाच सेकंदांनी अशी चूक पडते, तेथे केबल उकरण्यापूर्वी दोन्ही टोकांवरील क्लॉकची नोंद वाचावी.

त्या नोंदीचे पर्याय तीन. 'इंटर्नल' म्हणजे यंत्राने आपल्याच स्फटिकावर चालावे. 'लाइन' म्हणजे समोरून येणाऱ्या बिटांच्या ठेक्यावरून गती घ्यावी. 'एक्स्टर्नल' म्हणजे ठाण्यात वेगळे ठेवलेल्या उत्तम घड्याळाची तार यंत्राला जोडून तिच्यावर चालावे. नियम सांगावयास सोपा आहे : एका मार्गावर अव्वल एक असावा आणि दुय्यमाने त्याचे मानावे. दोन्ही टोके इंटर्नलवर ठेवली तर दोन अव्वल झाले, आणि वर सांगितलेला सारा प्रकार घडतो. दोन्ही लाइनवर ठेवली तर कोणीच अव्वल नाही. जळगाव धुळ्याकडे पाहून चालते, धुळे जळगावकडे पाहून, आणि दोघे मिळून हळूहळू एका बाजूस भरकटत जातात. चोपड्याच्या लहान एक्स्चेंजने जळगावकडून, जळगावने आपल्या वरच्या केंद्राकडून, आणि त्या केंद्राने देशाच्या मुख्य घड्याळाकडून गती घ्यावी, अशी ही उतरंड आहे. सर्वांत वर सीझियमचे घड्याळ असते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून केलेली आहे, आणि अशा प्राथमिक घड्याळाची चूक १०० अब्जांत एका भागाहून अधिक नसावी असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दोन निरनिराळ्या देशांची अशी दोन घड्याळे परस्परविरुद्ध दिशांनी पुरेपूर चुकली तरी त्यांच्यामधील मार्गावर बहात्तर दिवसांतून एकदाच स्लिप होईल. चोपड्यातील वा शहाद्यातील ग्राहकाला ह्या अचूकतेचा लाभ काही खर्च न करता मिळू शकतो. त्यासाठी मधल्या प्रत्येक ठाण्यावरील एक नोंद बरोबर असावी लागते, इतकेच.

परंतु उतरंड सरळ खाली येणारी असली तोवरच नियम सोपा. आज शहरे ऑप्टिकल फायबरच्या वलयांनी जोडलेली असतात, एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी म्हणून. धुळ्याहून मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करीत जळगावला येणारा जो राष्ट्रीय महामार्ग, त्यासारख्या रस्त्यांच्या कडेने केबल पुरलेली असते, आणि रुंदीकरणाच्या कामात खोदयंत्राचा दात तिला केव्हा लागेल याचा नेम नसतो. वाहतुकीला दुसरी वाट मिळाली तशी घड्याळालाही मिळावी म्हणून यंत्रावर पहिली पसंती, दुसरी पसंती अशा नोंदी करण्याची सोय असते. ह्याच सोयीत सर्वांत कपटी दोष दडलेला आहे. असे समजू की जळगाव वरच्या केंद्राकडून गती घेते, धुळे जळगावकडून, चाळीसगाव धुळ्याकडून. आणि कोणी सद्धेतूने जळगावच्या यंत्रावर दुसरी पसंती म्हणून चाळीसगाव लिहिले. वरच्या केंद्राची केबल तुटताच जळगाव चाळीसगावकडे वळते. आता जळगाव चाळीसगावचे ऐकते, चाळीसगाव धुळ्याचे, आणि धुळे जळगावचे. वर्तुळ पुरे झाले. त्याच्या आत अव्वल कोणीच उरला नाही. तिन्ही ठाण्यांवर संकेत उत्तम पोहोचतो आहे, एकही अलार्म नाही, आणि तिघांच्या आपसातील मार्गांवर स्लिपही नाही, कारण तिघे एकत्रच वाहवत चालले आहेत. दोष दिसतो तो बाहेर जाणाऱ्या मार्गांवर, आणि बाहेरचे ठाणे म्हणते आमच्याकडे सर्व ठीक आहे. ते खरेही असते. आधुनिक यंत्रे घड्याळाच्या दर्जाची वर्दी संकेताबरोबर पाठवतात, आणि ज्याच्याकडून गती घेतली त्याच्याकडे 'मजकडून घेऊ नये' असे उलट कळवतात; ही व्यवस्था वर्तुळाचा धोका कमी करते. पण एका ठाण्यावर ती बंद राहिली तर साखळी तेथे तुटते. म्हणून दुसरी पसंती लिहिण्यापूर्वी सगळ्या वलयाचा नकाशा समोर ठेवून, प्रत्येक केबल तुटल्याची कल्पना करून, बाण कसे वळतात ते पेन्सिलीने काढून पाहावे. आणि जेथे निर्दोष दुसरी पसंती सापडत नाही तेथे ती रिकामीच सोडावी. चांगले यंत्र आपल्या स्मरणातील गतीवर काही काळ सुरक्षित चालू शकते, पण वर्तुळात सापडलेल्या यंत्राला वाचवणारा कोणी नसतो.

आणखी एक बारकावा नवख्यांना ठाऊक नसतो. १५५ मेगाबिटांच्या एस.टी.एम.-वन संकेतात ६३ टू एमबी मार्ग वाहून नेता येतात. परंतु त्याच्या पोटातून आलेल्या टू एमबीवरून घड्याळ घेऊ नये. मोठ्या संकेतात लहान संकेत बसवताना यंत्र अधूनमधून एकेक बाइट पुढेमागे सरकवते, आणि त्या सरकण्याने ठेका हिसके खातो. घड्याळ मोठ्या संकेताच्या मुख्य ठेक्यावरून घ्यावे आणि वेगळ्या तारेने यंत्राला द्यावे.

बाकीच्या नोंदींबद्दल येथे विस्तार करीत नाही. एच.डी.बी.-३ ही सांकेतिक पद्धती लागोपाठ तीनहून अधिक शून्ये तारेवर येऊ देत नाही, म्हणून ठेका हरवत नाही. दोन्ही टोकांना तीच असावी. सी.आर.सी.-४ ही तपासणी एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असू नये. बोलण्याच्या बिटांतच फ्रेमच्या खुणेची नक्कल योगायोगाने उमटली तर यंत्र फसू नये, हे तिचे मोठे काम. कोअ‍ॅक्सिअल तारेला ७५ ओहम, जोडीच्या तारेला १२० ओहम. ह्या गोष्टी चुकल्या तर यंत्र बहुधा स्वतःच ओरडते.

हे सारे ज्ञान आता जुने होत चालले, मार्ग इंटरनेटच्या पद्धतीने पॅकेटांवर जाऊ लागले, मग ह्या श्रमाचे प्रयोजन काय, असा प्रश्न सुबुद्ध वाचक विचारील. रेल्वेच्या दळणवळणात, वीजकेंद्रांच्या जुन्या संपर्कात, कार्यालयांच्या पी.आर.आय. जोडण्यांत हे मार्ग आजही नांदत आहेत, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. मोबाइलचे मनोरे उभे राहू लागले तेव्हा जी.एस.एम. मनोऱ्याच्या लहरींची कंपनसंख्या दशलक्षामागे ०.०५ इतकी अचूक लागे, आणि पुष्कळ ठिकाणी ती त्या मनोऱ्यापर्यंत आलेल्या टू एमबीच्या ठेक्यावरूनच मिळे. ठेका बिघडला की एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाणाऱ्या प्रवाशाचे बोलणे तुटे, आणि दोष अँटेनाचा मानला जाई. आताच्या मनोऱ्यांना तर केवळ गती जुळून पुरत नाही, क्षणही जुळावा लागतो, आणि तो पॅकेटांतून वेळेची वर्दी पाठवून किंवा उपग्रहावरून घ्यावा लागतो. अव्वल कोण, दुय्यम कोण, वर्तुळ तर होत नाही ना, हे प्रश्न तेथे जसेच्या तसे आहेत. शेवटचे प्रकरण ह्या नव्या पद्धतीवर असून ते समजण्यास आधीची प्रकरणे पुरेशी आहेत.

पुस्तिकेच्या अखेरीस नोंदवहीच्या पानाचा एक नमुना जोडला आहे. प्रत्येक मार्गासाठी दोन्ही टोकांनी तो स्वतंत्र भरावयाचा आहे : स्लॉट कोणते आणि कोणासाठी, घड्याळ कोणाकडून, दुसरी पसंती असल्यास कोणती व ती का, बदल कोणी आणि कोणत्या तारखेस केला. कार्ड बदलले की नवे कार्ड कारखान्याच्या मूळ नोंदींवर येते, आणि त्या बहुधा इंटर्नलच्या असतात. तेव्हा कार्ड बदलण्याची तारीखही येथे लिहावी. बदल केल्यावर यंत्रातील स्लिपा मोजणारा आकडा शून्य करून चोवीस तासांनी वाचावा. दिवसभरात एकही स्लिप पडली नाही तर दोन घड्याळांतील फरक साधारणपणे अब्जामागे दीडाहून कमी आहे असे समजण्यास हरकत नाही. तरीही थंडीत केलेली जुळणी मे महिन्याच्या एखाद्या दुपारी, दोन ते पाचच्या दरम्यान, पुन्हा एकदा पाहून घ्यावी आणि तो आकडा त्याच पानावर नोंदवावा.